नौकेच्या तळातील छिद्र : पंख्याच्या दांड्याच्या बंदिस्तीचा इतिहास

नौका बांधणाऱ्याची सारी विद्या पाणी बाहेर ठेवण्यासाठी असते. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासावा, वर तेल द्यावे, आणि समुद्राला आत येण्यास जागाच ठेवू नये, हा आपल्या किनाऱ्यावरील कारागिरांचा पिढ्यान् पिढ्यांचा दंडक. परंतु एकोणिसाव्या शतकात या दंडकाला बाध आणणारी एक गोष्ट घडली. नौकेला गती देणारा पंखा पाण्याखाली आणि त्याला फिरविणारे यंत्र नौकेच्या पोटात, अशी व्यवस्था आली, आणि या दोहोंस जोडणारा फिरता दांडा बाहेर नेण्यासाठी जलरेषेखाली नौकेला मुद्दाम छिद्र पाडणे भाग पडले. या छिद्राचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही. तथापि, त्यावर कितीएक नौकांचे आणि माणसांचे प्राण अवलंबून राहिले आहेत.

१८३६ साली इंग्लंडात फ्रान्सिस पेटिट स्मिथ व स्वीडिश अभियंता जॉन एरिक्सन यांनी काही आठवड्यांच्या अंतराने मळसूत्री पंख्याची एकस्वे मिळविली. स्मिथच्या पद्धतीचे ‘आर्किमिडीज’ जहाज १८३९ मध्ये समुद्रावर आले. ब्रुनेलचे ‘ग्रेट ब्रिटन’ हे लोखंडी जहाज १८४३ मध्ये जलावतरण पावले, व १८४५ मध्ये त्याने पंख्याच्या बळावर अटलांटिक ओलांडला. त्याच १८४५ साली ब्रिटिश नौदलाने पंख्याची ‘रॅटलर’ व बाजूच्या चाकांची ‘अलेक्टो’ या नौका पाठीला पाठ लावून बांधल्या आणि त्यांची रस्सीखेच लावली. रॅटलरने अलेक्टोला ताशी सुमारे अडीच सागरी मैल वेगाने मागे ओढत नेले.

पंखा असा जिंकला खरा. पण छिद्राचा प्रश्न तसाच उभा राहिला. दांडा फिरला पाहिजे, म्हणजे त्याच्याभोवती थोडी मोकळीक हवी. आणि मोकळीक ठेवली की पाणी आत येणार. पितळेच्या धारव्यांत फिरणारे दांडे घासून झिजत, आणि झिजलेला दांडा हेलकावू लागला की गळती वाढे. क्रिमियन युद्धाच्या काळात, डिसेंबर १८५५ मध्ये, ‘रॉयल अल्बर्ट’ या मोठ्या युद्धनौकेला याच जागी इतकी गळती लागली, की कप्तानाने तिला ग्रीसच्या केआ बेटाच्या किनाऱ्यावर मुद्दाम रुतविले. नौका वाचली, परंतु शत्रूच्या तोफेवाचूनही युद्धनौका बुडू शकते याचा धडा मिळाला.

झिजेवरचा उपाय अनपेक्षित ठिकाणाहून आला. लंडनचे यंत्रकार जॉन पेन यांनी स्मिथच्या साह्याने प्रयोग करून १८५४ मध्ये लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या धारव्यात बसविण्याचे एकस्व घेतले. कॅरिबियन प्रदेशातील हे लाकूड इतके जड की पाण्यात बुडते, आणि त्यात स्वाभाविक राळ असते. पट्ट्यांमधून समुद्राचे पाणीच खेळू दिले, की तेच वंगणाचे काम करी. ज्या पाण्याला शत्रू मानले, त्यालाच सेवेस लावण्याची ही युक्ती होती. आजच्या लहान नौकांतही पितळी नळीत खाचांचे रबर बसविलेले, पाण्यानेच भिजणारे धारवे असतात, तत्त्व तेच.

धारवा झिजेपासून रक्षण करतो. पाणी अडविण्याचे काम ‘स्टफिंग बॉक्स’चे. दांड्याभोवती एक पेटी, तीत चरबी वा मेण पाजलेल्या जवसाच्या चौकोनी दोरीची कडी, आणि त्यांना मागून दाबणारे ग्लँड, एवढीच तिची रचना. ही पेटी पूर्ण कोरडी ठेवू नये, हे तिचे मर्म आहे. महादेवाच्या पिंडीवरील गळतीचे पात्र आपण पाहतो. त्यातून धार लागली तरी चूक, थेंब थांबला तरी चूक. पॅकिंगचेही तसेच. दांडा फिरत असता मिनिटाला दोन-तीन थेंब पडावेत. तेच त्याला थंड व ओले ठेवतात. अति आवळले तर दोरी जळते व दांड्यावर चरे पडतात. तीन थेंबांच्या मानाने दिवसभरात जेमतेम पाव लिटर पाणी जमते. उलट दोन फूट खोलीवर एक इंची छिद्र उघडे पडले, तर मिनिटाला सुमारे साठ लिटर पाणी आत येते. थेंब आणि धार यांतील भेद हा असा आहे.

१९३८ मध्ये रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉनचा शोध लागला आणि पुढे चरबीच्या जोडीला हा निसरडा पदार्थ दोरीत आला. विसाव्या शतकात थेंबही न पडू देणाऱ्या बंदिस्ती लहान नौकांत रूढ झाल्या. एका प्रकारात कार्बनचे कडे दांड्यावरील पोलादी कड्यावर रबरी भात्याच्या दाबाने टेकते. दुसऱ्यात रबरी ओठ दांड्याला वेढतात. नौकेचा तळ यांमुळे कोरडा राहतो. परंतु भाता फाटला, किंवा पोलादी कडे सरकले, तर पूर्वसूचना फारशी मिळत नाही. पॅकिंग बहुधा हळूहळू बिघडते व बिघडताना थेंबांच्या भाषेत बोलते. जो नित्य पाहणी करील त्याने जुनी पद्धत घ्यावी. ज्याला कोरडेपणा हवा त्याने नवी घ्यावी, पण भाता ठरल्या मुदतीत बदलण्याचा खर्च आधीच मनात धरावा.

शिडाच्या नौकेचा येथे विशेष आहे. तिचे इंजिन बहुतेक वेळ निजलेले असते, छिद्र मात्र अहोरात्र पाण्यात असते. वाऱ्यावर चालताना पंखा आपोआप फिरून बंदिस्ती झिजवितो. म्हणून गिअरबॉक्सच्या नियमांत बसत असेल तर दांडा अडकवून ठेवावा. नवी दोरी घालताना जुनी पूर्ण काढावी. प्रत्येक कड्याचा जोड तिरका कापावा व जोड एका रेषेत येऊ देऊ नयेत. पेटीला धरणारी रबरी नळी व तिचे पट्टे वर्षातून एकदा तरी तपासावेत. इंजिन दांड्याशी सरळ रेषेत नसेल तर कोणतीही बंदिस्ती टिकणार नाही. नौका पाण्यात उतरविल्यावर भात्याच्या बंदिस्तीतील कोंडलेली हवा हाताने दाबून काढावी, अन्यथा कडे कोरडे घासते. आणि छिद्राच्या मापाची लाकडी खुंटी जवळ बांधलेली असावी.

दिवाडी बेटावरील कारखान्यात बांधलेल्या, मांडवीचेच नाव धारण करणाऱ्या ‘म्हादई’तून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी कोठेही न थांबता. ओडिशातील तारा-तारिणीच्या नावाची ‘तारिणी’ २०१७ मध्ये तेथूनच निघाली व सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन पृथ्वीला वळसा घालून आली. अशा प्रवासांचे वर्णन करताना आपण शिडे, वादळे आणि धैर्य यांविषयी बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु महिनोन् महिने चालणाऱ्या समुद्रप्रवासात धैर्याला तळाशी असलेल्या अशा लहान जागांचा आधार लागतो. त्या जागा कोणी तरी बंदरातच वाकून, दिवा धरून, बोटाने चाचपून पाहिलेल्या असतात.