ऑर्डर ब्राझीलची, डिलिव्हरी ब्रिटनला

शुक्रवारी आमच्या प्रोजेक्टवरची चार माणसं एका फटक्यात दुसऱ्या 'अर्जंट' कामावर गेली. आमचा क्लायंट बापडा लहान, करणार काय? चिडचिड करत घरी आलो, वाचत बसलो, तर ही गोष्ट हाती लागली.

१९३० च्या दशकाच्या शेवटी ब्राझीलने ब्रिटिश गोद्यांना सहा विनाशिकांची ऑर्डर दिली. व्हिकर्स, व्हाइट आणि थॉर्निक्रॉफ्ट, प्रत्येकी दोन. नावंही ठरली होती: जुरुआ, जावारी, जुरुएना वगैरे. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन युद्धात उतरलं आणि दोन-तीन दिवसांत ब्रिटिश आरमाराने सहाही बोटी विकत घेऊन टाकल्या!

नावं बदलून सगळी 'एच'ची केली. त्यातली 'हँडी' आणि 'हार्टी' ही दोन आधीच्या 'हार्डी'शी गोंधळ करतील म्हणून पुन्हा बदलली: 'हार्वेस्टर' आणि 'हेस्पेरस'. (नेमिंगची डोकेदुखी फक्त आपल्यालाच नाही बरं का.) जर्मन पाणबुड्यांशी लढायचं म्हणून मागची एक तोफ कमी करून जादा डेप्थ चार्ज भरले.

'हॅवंट' १ जून १९४० ला डंकर्कहून सैनिक आणताना बाँबहल्ल्यात गेली. 'हार्वेस्टर'ची कथा तर चटका लावणारी. मार्च १९४३ मध्ये कमांडर टेट यांनी अटलांटिकमध्ये यू-४४४ या पाणबुडीला थेट धडक दिली. पण पाणबुडी बोटीखालीच अडकली आणि प्रॉपेलरची वाट लागली. बोट जागच्या जागी थांबली. दुसऱ्या पाणबुडीने, यू-४३२ ने, तिला टॉर्पेडो मारले. टेटही गेले. 'अकोनी' या फ्रेंच कॉर्व्हेटने एकाच दिवशी दोन्ही पाणबुड्यांचा निकाल लावला. 'हरिकेन' त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी गेली. सहातल्या तीन वाचल्या, त्या युद्धानंतर भंगारात.

आणि ब्राझील? ऑगस्ट १९४२ मध्ये जर्मन पाणबुडीने त्यांचीच व्यापारी जहाजं बुडवली, तेव्हा तेही युद्धात उतरले. ज्यांच्यासाठी त्या बोटी सर्वात उपयोगी पडल्या असत्या, तोच शत्रू दारात, आणि बोटी दुसऱ्याच्या झेंड्याखाली! पण ते रडत बसले नव्हते. त्याच धर्तीच्या सहा विनाशिका रिओमध्ये स्वतःच बांधायला १९४० मध्येच सुरुवात केली होती. त्या आरमारात दाखल व्हायला मात्र युद्ध संपून काही वर्षं उलटली.

ब्रिटनचं चुकलं असं मला म्हणवत नाही. जीवावर बेतल्यावर कोणीही तेच केलं असतं. पण 'अर्जंट' कुणाचं, हे नेहमी गोदी ज्याच्या घरात तोच ठरवतो.

असो. सोमवारी आधी त्या लहान क्लायंटला फोन करणार आहे.