कुलूप आधी सापडलं

मंडळी, आज जरा विज्ञानाच्या इतिहासात शिरायचं आहे. मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे, मराठी माध्यमातून बी.ए. झालेली बाई. पण ही गोष्ट रसायनांइतकीच माणसांची आहे, म्हणून लिहिते.

अफूनं वेदना शमते हे माणसाला हजारो वर्षं ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्ट्युर्नर नावाच्या जर्मन औषधविक्रेत्यानं अफूतून मॉर्फिन वेगळं काढलं. पण ते शरीरात नेमकं कुठं जाऊन बसतं? पेशीवर त्याच्यासाठी ठरावीक जागा, म्हणजे रिसेप्टर, असणार असा तर्क होता. किल्लीला कुलूप असावं तसा. ते कुलूप मात्र कुणी दाखवलेलं नव्हतं.

कँडेस पर्ट ही न्यूयॉर्कची मुलगी, जन्म १९४६. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सॉलोमन स्नायडर यांच्या हाताखाली ती पीएच.डी. करत होती. त्याआधी घोड्यावरून पडून पाठीचं हाड मोडलं होतं, तेव्हा मॉर्फिनचा गुण तिनं स्वतः अनुभवलेला. हे कुलूप शोधण्याचं काम तिच्याकडे आलं, पण महिनोन् महिने काही हाती लागेना. तिनं पुढे स्वतःच्या पुस्तकात लिहिलंय की सरांनी हा नाद सोड म्हणून सांगितलं, तरी तिनं लहानग्या मुलाला बरोबर घेऊन प्रयोगशाळेत गुपचूप आणखी एक प्रयत्न केला.

या वेळी तिनं नालोक्सोन वापरलं. हे औषध त्याच कुलपात घट्ट बसतं, पण फिरत नाही. त्याला किरणोत्सर्गी खूण करून मेंदूच्या लगद्यात मिसळायचं, लगदा धुवायचा आणि किती चिकटून राहिलं ते मोजायचं. मॉर्फिनसारखी औषधं घातली की ते निसटायचं. आरशातल्या प्रतिमेसारखी रचना असलेली पण गुण नसलेली औषधं घातली की जागचं हलायचं नाही. कुलूप सापडलं! मार्च १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निबंध आला. पहिलं नाव पर्ट, दुसरं स्नायडर. त्याच वर्षी न्यूयॉर्कचे एरिक सायमन आणि स्वीडनचे लार्स टेरेनियस यांनीही स्वतंत्रपणे हेच दाखवलं.

मग प्रश्न आला, अफूच्या बोंडासाठी शरीर कुलूप कशाला घडवेल? म्हणजे घरचीच किल्ली असली पाहिजे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना ती डुकरांच्या मेंदूत सापडली. एन्केफॅलिन, अवघ्या पाच अमिनो आम्लांची साखळी. हे न्यूरोपेप्टाइड पेशीच्या बाहेरून रिसेप्टरवर बसतं, आतली जी-प्रथिनं जागी होतात, पेशीची कॅल्शियमची दारं मिटतात, पोटॅशियमची उघडतात आणि वेदनेचा निरोप पुढे जाताना क्षीण होतो.

१९७८ मध्ये या कामासाठी मानाचा लास्कर पुरस्कार जाहीर झाला. स्नायडर, ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना. पर्टचं नाव नव्हतं. ती गप्प बसली नाही. पत्र लिहून तिनं उघड निषेध केला. त्या काळी माजी विद्यार्थिनीनं असं करणं अनेकांना उद्धटपणा वाटला.

मला दोन्ही बाजू दिसतात. प्रयोगशाळा सरांची, पैसा त्यांनी उभा केलेला, मोजण्याच्या पद्धतीचा अनुभव त्यांचा. पण सगळ्यांनी हात टेकल्यावर परत परीक्षानळी उचलणारा हात तिचा होता. चाळीस वर्षं वर्गात काढल्यावर एवढं सांगते, विद्यार्थ्याचं यश हे गुरूचं भूषण असतं, मालमत्ता नव्हे.

पुढे तिनं न्यूरोपेप्टाइडांचे रिसेप्टर रोगप्रतिकारक पेशींवरही असतात हे दाखवण्याच्या कामात वाटा उचलला, आणि भावनांचा शरीराशी संबंध सांगणारं पुस्तक १९९७ मध्ये लिहिलं. त्यातले काही दावे पुराव्याच्या पुढे पळतात. एड्सवर तिनं सुचवलेलं पेप्टाइड टी औषध म्हणून टिकलं नाही. २०१३ मध्ये ती गेली. पण नंतरच्या चुकांनी आधीचं खरं काम पुसलं जात नाही. तेच नालोक्सोन आज अफूजन्य औषधांच्या अतिसेवनानं श्वास थांबत आलेल्यांना परत आणतं.

आपल्या घरातही पीएच.डी. करणारी मुलं-मुली आहेत. निबंधावर नाव पहिलं, पण सत्काराला बोलावणं नाही, असं तुमच्याकडे अजून होतं का? जरूर लिहा.