लॉग इन

बँकेचं खातं पाहायचं असो की रेल्वेचं तिकीट काढायचं असो, आधी ‘लॉग इन’ करावं लागतं. यातला ‘लॉग’ म्हणजे लाकडाचा ओंडका, आणि तो आला आहे थेट समुद्रावरून.

शिडाच्या जहाजाचा वेग मोजायला युरोपातले खलाशी दोराला बांधलेली लाकडी फळी जहाजाच्या मागून पाण्यात टाकत. फळी जवळजवळ जागीच राही, जहाज पुढे जाई आणि रिळावरचा दोर भराभर सुटे. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. वाळूचं घड्याळ, बहुधा 28 सेकंदांचं, रिकामं होईपर्यंत जितक्या गाठी हातातून सरकत, तितका वेग. किती साधी आणि नेमकी युक्ती! जहाजाचा वेग आजही ‘नॉट’मध्ये, म्हणजे गाठींतच सांगतात. ती फळी म्हणजे लॉग, तिचे आकडे उतरवायची वही म्हणजे लॉगबुक. पुढे कसलीही रीतसर नोंद करणं म्हणजे ‘लॉग’ करणं झालं.

1960च्या दशकात एकच संगणक अनेकजण वापरू लागले, तेव्हा येणाऱ्याची नोंद हवीच होती. अमेरिकेतल्या एमआयटीच्या सीटीएसएस प्रणालीत ‘लॉगिन’ ही आज्ञा होती.

मला सर्वांत मोलाची वाटते ती 29 ऑक्टोबर 1969ची रात्र. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या संगणकाकडे हाच शब्द धाडायला घेतला. ‘एल’ पोचला, ‘ओ’ पोचला आणि तिकडची यंत्रणा कोलमडली. इंटरनेटचा पूर्वज असलेल्या अर्पानेटवरचा पहिला संदेश तो एवढाच. पूर्ण शब्द साधारण तासाभराने पोचला.