सयामी भवानी

इतिहास हा विषय मी दहावीनंतर सोडला आणि कॉमर्सला गेलो. तेव्हापासून इतिहासाचा आणि माझा संबंध बँकेतली जुनी थकबाकी शोधण्यापुरताच उरला. तरीही आज मी इतिहासावर लिहायला बसलो आहे, आणि त्याला कारण आहे शंभर बाटची एक कापडी पिशवी.

बँकेत कॅशला बसणाऱ्या माणसाला एक खोड जडते. आईनं देवापुढे ठेवायला दिलेला रुपयासुद्धा तो उलटसुलट करून बघतो. मी बावीस वर्षं नोटा मोजतोय. हल्ली मोजायला यंत्र आलंय. पण यंत्रानं मोजल्यावर मी हातानं मोजतो आणि हातानं मोजल्यावर पुन्हा यंत्राला विचारतो. त्यात आमचं कुटुंब पुण्याचं. भाव करण्याचं शिक्षण हिनं तुळशीबागेत घेतलेलं आहे. दुकानदार सांगेल त्याच्या निम्म्याहून कमी सांगायचं, वस्तू नाक मुरडून खाली ठेवायची, पाठ फिरवायची आणि सात पावलं चालायची. आठव्या पावलाला मागून हाक येते. हा नियम आजवर चुकलेला नाही.

अशी ही जोडी एका सहलीबरोबर बँकॉकला गेली. शनिवारची सकाळ मोकळी होती, म्हणून आमच्या गाइड मुलीनं सगळ्यांना चतुचकच्या बाजारात नेलं. 'चतुचक' म्हणजे आपलं चतुः आणि चक्र. राजा भूमिबोल 1975 साली अठ्ठेचाळीस वर्षांचे झाले, म्हणजे बारा-बारा वर्षांची चार चक्रं पुरी झाली. त्याची आठवण म्हणून शेजारच्या बागेला हे नाव दिलं आणि बागेवरून ते बाजाराला आलं. बाजार स्वतः त्याहून जुना. 1948 साली तो राजवाड्याजवळच्या सनाम लुआंग मैदानावर भरू लागला आणि 1982 साली त्यानं इकडे बिऱ्हाड हलवलं. हजारो गाळे. हिच्या डोळ्यांत मी इतकं तेज लग्नाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

बसमध्ये गाइडनं नियम सांगितले होते. घ्यायचं नसेल तर भाव करू नका. तुम्ही सांगितलेला भाव समोरच्यानं मान्य केला की वस्तू घ्यायचीच. खाण्याच्या गाडीवर घासाघीस करायची नाही. आवाज चढवायचा नाही, हसायचं, आणि वाक्याच्या शेवटी पुरुषांनी 'ख्रप' आणि बायकांनी 'खा' लावायचं. तो त्यांचा 'जी'. "जरा कमी होईल का?" याला "लोत नॉय दाय मय, ख्रप?" एवढं मी तळहातावर लिहून घेतलं.

एका गाळ्यावर एक म्हातारी नुकताच माल मांडत होती. हत्तींच्या नक्षीची पिशवी हिला आवडली. म्हातारीनं कॅल्क्युलेटरवर 200 दाबून दाखवलं. मी ते पुसून 60 दाबलं. तिनं हसून 180 दाबलं. मी 70. तळहातावरचं वाक्य घामानं पुसलं गेलं होतं, त्यामुळे 'ख्रप' राहिलं आणि नुसतं मराठीतून "छे! छे!" उरलं. माझा आवाज चढला असावा, कारण गाइड मागून म्हणाली, "चाय येन, चाय येन."

मी म्हटलं, "मला गार चहा नको."

नंतर कळलं की गार चहा तो 'चा येन'. 'चाय येन' म्हणजे मन थंड ठेवा.

शेवटी आम्ही पाठ फिरवली. सात पावलं झाली. आठ झाली. दहा झाली. हाक नाही! वळून पाहिलं तर म्हातारी शांतपणे पिशव्यांच्या घड्या घालत होती. दहा पावलं परत येण्याइतका लांबचा प्रवास मी आयुष्यात केलेला नाही. मी 100 दाबले. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी पाचशेची नोट दिली. तिनं शंभराच्या चार परत दिल्या. मी त्या तिच्यासमोर तीनदा मोजल्या आणि एक उजेडात धरून पाहिली. सवय!

तेवढ्यात म्हातारीनं माझी नोट घेतली आणि गाळ्यातल्या एकेका वस्तूवर फटाफट आपटत सुटली. हिला म्हटलं, "चल, बाई संतापलीय."

गाइड म्हणाली, "संतापली नाही. तुम्ही तिचं आजचं पहिलं गिऱ्हाईक. पहिल्या विक्रीची नोट मालाला लावली की दिवसभर विक्री होते. पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून तिनं एवढ्या कमीत दिली."

म्हणजे भवानी! आमच्या मंडईतली बाई पहिल्या विक्रीचे पैसे कपाळाला लावते, तीच ही. मी भवानीच्या वेळी शंभर बाट कमी केले आणि वर नोट उजेडात धरली. दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं विमान होतं.

परत आल्यावर ती पिशवी खुंटीवर लटकली आणि मी वाचनालयात. कॉमर्सच्या माणसाला इतिहास वाचवत नाही म्हणतात, पण पैशाचा असला की वाचवतो.

सयामच्या बाजाराची जुनी नोंद एका शिलालेखात आहे. राजा रामखामहेंग याचा, 1292 सालचा. सुखोथाईला तो 1833 साली राजपुत्र मोंगकुट यांना सापडला. ते तेव्हा भिक्षू होते, पुढे राजे झाले. त्यात म्हटलंय की रस्त्यावर राजा जकात घेत नाही आणि ज्याला हत्तीचा, घोड्याचा, सोन्याचांदीचा व्यापार करायचा असेल त्यानं तो खुशाल करावा. बाजाराला त्यात 'पसान' असा शब्द आहे. तो आणि आपला 'बाजार' ही एकाच फारसी आईची लेकरं मानली जातात. काही पंडितांना हा लेख इतका जुना असल्याची शंका आहे. म्हणजे याही मालावर घासाघीस चालूच आहे.

पुढे पंधराव्या शतकात चीनच्या आरमाराबरोबर हिंडलेल्या मा हुआन या दुभाष्यानं लिहून ठेवलं की सयामात राजापासून रयतेपर्यंत लहानमोठे सगळे व्यवहार बायकांच्या सल्ल्यानं ठरतात. हे मी हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "यात लिहून ठेवण्यासारखं काय आहे?"

सुटे पैसे म्हणून तिथे मालदीवहून आलेल्या कवड्या चालत. चांदीचा बाट हे मुळात वजन, पंधरा ग्रॅमच्या आसपास. जुन्या कोष्टकात एका बाटच्या 6400 कवड्या होत. वाचून माझ्या पाठीतून कळ गेली. माझ्या शंभर बाटचे झाले असते सहा लाख चाळीस हजार, आणि ते मी तीनदा मोजले असते! यंत्रानं पाडलेली चपटी नाणी 1860 मध्ये आली आणि कवड्या मागे पडल्या. पण भाषेत राहिल्या. थाई भाषेत व्याजाला 'दॉक बिया' म्हणतात, म्हणजे कवडीचं फूल. आणि बँकेला 'थनाखान', म्हणजे धनागार. धनागारात बसून कवडीची फुलं वाटणारा माणूस, ही माझी इतकी सुंदर ओळख आमच्या हेड ऑफिसनंही कधी करून दिली नव्हती.

या बाजारात आपली माणसंही जुनी. सयामच्या पसंतीची नक्षी काढून कापड छापायचं आणि तिकडे पाठवायचं, हा धंदा गुजरातेत विसाव्या शतकापर्यंत चालला. त्या कापडाचं नावच 'सौदागिरी'. बँकॉकच्या फाहुरात भागात आजही कापडाच्या दुकानांत शीख व्यापारी दिसतात. तेव्हा भारतीय गिऱ्हाईक त्या म्हातारीला नवं नसणार. मी नवा होतो तो निराळ्या अर्थानं, आणि ते मला एका फ्रेंच माणसानं दाखवलं.

हा ला लुबेर. चौदाव्या लुईचा वकील म्हणून 1687 मध्ये तो अयुथ्थयेला, राजा नारायच्या दरबारी आला. 1691 साली त्यानं सयामवर पुस्तक छापलं. तो लिहितो की बाजार संध्याकाळी पाचपासून आठ-नऊपर्यंत भरतो. आणि पुढे लिहितो की इथल्या व्यवहारात विश्वास असा, की विकणारा आलेले पैसे मोजत नाही आणि घेणारा माल मोजून घेत नाही. फ्रेंच लोक क्षुल्लक वस्तूही फार सावधपणे पारखून घेतात, हे पाहून सयामी माणसांना धक्का बसला.

मी पुस्तक मिटलं. म्हातारीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं होतं, ते मला आता पुन्हा दिसलं. शंभर बाट तिनं मला हसत सोडले होते. भाव करणं हा तिथला रिवाजच आहे, त्यात अपमान नाही. पण तिच्यासमोर तीनदा मोजणं आणि नोट उजेडात धरणं, हे त्या रिवाजात कुठेच नव्हतं. तिच्या दिवसाचा पहिला माणूस तिला चोर समजला होता.

आमच्या खिडकीवर पाटी आहे : 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत.' बावीस वर्षं मी त्या पाटीखाली बसतो. दर सोमवारी मंडईतल्या एक मावशी पैसे काढायला येतात. नोटा घेतात आणि न मोजता कमरेच्या पिशवीत कोंबतात. "मावशी, मोजून घ्या!" म्हणून मी दर सोमवारी ओरडतो. त्यांचं उत्तर ठरलेलं : "तुमी मोजल्यात न्हवं? मग झालं."

इतकी वर्षं मला त्यांचा राग यायचा. गेल्या सोमवारी त्यांनी तसेच पैसे कोंबले आणि मी काही बोललो नाही. नुसतं हसलो. त्या दारापर्यंत गेल्या आणि थबकून परत आल्या. "सायेब, आज वरडला न्हाई. बरं हाय न्हवं?"

"बरं आहे, मावशी," मी म्हटलं. शेवटी 'ख्रप' तेवढं लावायचं राहिलं.

त्या गेल्यावर मात्र मी गल्ला दोनदा मोजला. बरोबर होता.