भावंडे व सवंगडी (बालविकासातील स्थान)

मुलांच्या जडणघडणीत आईवडिलांबरोबर भावंडांचा व सवंगड्यांचा वाटा मोठा असतो. भावंडांशी कितीही भांडले तरी त्याच घरात नांदावे लागते. मैत्री मात्र राखावी लागते. खेळाचे नियम परस्परसंमतीने ठरतात व बदलता येतात, ही समज बरोबरीच्यांत वाढते, असे मानसशास्त्रज्ञ झां प्याजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांच्या निरीक्षणावरून १९३२ मध्ये मांडले.

नागपुरातील ‘स्लम सॉकर’ हा उपक्रम सवंगड्यांच्या प्रभावाचे बोलके उदाहरण. हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये पावसात फुटकी बादली लाथाडत खेळणारी मुले पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. किशोरवयात टोळके व्यसनाकडे ओढते, तसेच मैदानाकडेही ओढू शकते. एकट्या मुलाला उपदेश करण्याऐवजी अख्ख्या टोळक्याला खेळाला लावणे, हे या कामाचे खरे मोल. नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ (२०२२) हा चित्रपट त्यावरच बेतला आहे.

भावंडांचा प्रभाव केवळ अनुकरणातून दिसत नाही; वेगळी वाट धरण्यातूनही दिसतो. नागपूरच्या दिव्या देशमुख (जन्म २००५) यांची मोठी बहीण बॅडमिंटन शिकू लागली, तर दिव्या यांनी बुद्धिबळ धरले. २०२५ मध्ये बातुमी येथे महिला विश्वचषक जिंकून त्या ग्रँडमास्टर झाल्या.