वकिलाच्या कचेरीतून कॉलेजच्या वर्गात

अब्राहम लिंकन लॉ कॉलेजात कधी गेलेच नाहीत. पुस्तकं उसनी आणून वाचली आणि १८३६ मध्ये इलिनॉयमध्ये सनद मिळवली. त्या काळी बहुतेक अमेरिकन वकील असेच कॉलेजाबाहेर घडत. जुन्या वकिलाच्या कचेरीत कागदांच्या नकला करायच्या, मसुदे लिहायचे, फावल्या वेळात कायदा वाचायचा. कारकून आणि भावी वकील, माणूस एकच.

१८७० मध्ये लँगडेल हार्वर्डच्या लॉ स्कूलचे डीन झाले आणि कायदा ही वर्गात शिकायची विद्या ठरू लागली. पुढच्या काही दशकांत सनदेची वाट कॉलेजातूनच जाऊ लागली. कचेरीतलं काम मात्र होतं तिथंच राहिलं. टाइपरायटर आला, ते काम बायकांकडे गेलं. अर्जात काय हवं, मुदत कधी संपते, हे सगळं त्यांना पाठ. हुद्दा आणि पगार सेक्रेटरीचा.

कोंडी फुटली ती गरिबांच्या दाव्यांमुळे. जॉन्सन सरकारने १९६५ मध्ये गरिबांसाठी सरकारी खर्चाने कायदेशीर मदत सुरू केली. घर रिकामं करण्याच्या नोटिसा, अडलेले भत्ते अशा प्रकरणांना वकील पुरेनात, म्हणून बिगरवकील हाताशी घेतले गेले. १९६८ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने अशा मदतनिसांचा, म्हणजेच पॅरालीगलचा, विचार करायला समिती नेमली. १९७३ मध्ये अभ्यासक्रमांचे निकष ठरले, १९७५ पासून मान्यता मिळू लागली.

शिकवणार कोण? कम्युनिटी कॉलेजं तयारच होती. १९०१ मध्ये जोलिएटला पहिलं निघालं, दुसऱ्या महायुद्धानंतर ती गावोगाव पसरली. फी कमी, संध्याकाळचे वर्ग, दोन वर्षांची पदवी. नोकरी आणि मुलंबाळं सांभाळून शिकणाऱ्याला दुसरीकडे कुठे हे जमणार?

इथे एक गोष्ट हमखास शिकवतात: आपण दाखला देतोय तो निकाल अजून जिवंत आहे का, हे पाहणं. १८७३ मध्ये फ्रँक शेपर्ड याने डिंक लावलेल्या चिठ्ठ्या छापायला सुरुवात केली. अमुक निकालाचा उल्लेख पुढे कुठे झाला, ते त्यावर असे. वकील त्या निकालसंग्रहाच्या समासात चिकटवत. आज तेच पडद्यावर दिसतं. लाल खूण दिसली की सावध व्हायचं, निकाल बहुधा फिरवला गेलाय.

पण या पेशाला खरं बळ अभ्यासक्रमाने दिलं असं मला वाटत नाही. ते बिलाने दिलं. १९८९ च्या ‘मिझुरी विरुद्ध जेन्किन्स’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की समोरच्या पक्षाकडून वकिलाची फी वसूल करताना पॅरालीगलचे तासही बाजारभावाने धरता येतील. पॅरालीगलच्या तासाला स्वतःची किंमत असते, यावर कोर्टाचंच शिक्कामोर्तब झालं.

पॅरालीगलला कोर्टाचं दार मात्र अजून जवळपास बंदच आहे. सल्ला देणं, फी ठरवणं, अशिलाची बाजू मांडणं ही कामं वकिलाचीच. वॉशिंग्टन राज्याने २०१२ मध्ये मर्यादित परवान्याची वाट काढली आणि २०२० मध्ये ती गुंडाळायचं ठरवलं. ॲरिझोनाने २०२१ पासून कौटुंबिक दाव्यांसारख्या ठरावीक बाबतीत परीक्षा देऊन कोर्टात उभं राहायची मुभा दिली.

तिकडे राहणारं तुमचं कुणी हा कोर्स घेत असेल, तर दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. बार असोसिएशन मान्यता देते ती अभ्यासक्रमाला, विद्यार्थ्याला नाही. आणि ही पदवी म्हणजे सनद नव्हे. वकील व्हायचं असेल तर बहुतेक राज्यांत पुढे लॉ स्कूल करावंच लागतं.