तीन खणांची गाडी

मोटार घ्यायला निघालेला मराठी माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘ॲव्हरेज किती देते?’ हा, आणि दुसरा विचारतो तो ‘विकायला काढली तर काय येईल?’ हा. गाडी अजून शोरूमच्या काचेआड उभी असते, तिच्या आसनांवरचे प्लॅस्टिकही निघालेले नसते, आणि हा गृहस्थ तिच्या निरोपाची बोलणी सुरू करतो. परक्यांना याचे हसू येते. मला येत नाही. या दोन्ही प्रश्नांना इतिहास आहे, आणि तो ठाऊक असल्याखेरीज आपल्याकडच्या मोटारींची तुलना नीट करता येत नाही, असे माझे मत आहे.

हे मत बनण्याचे कारण घरगुती आहे. आम्हांला यंदा गाडी घ्यावयाची आहे. कादंबरीच्या मानधनावर मोटार घेणारा मराठी लेखक मी अजून पाहिलेला नाही. ही गाडी मास्तरकीच्या शिलकीतून आणि बँकेच्या हप्त्यांतून यावयाची आहे. एकदा घेतली की दहाबारा वर्षे ती निभावली पाहिजे. शिवाय मी राहतो शेंद्र्याला. छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की चिकलठाण्यानंतर हे गाव लागते. पूर्वी ते मांगीरबाबाच्या चैत्रातल्या यात्रेसाठी ओळखले जाई. गेली वीसपंचवीस वर्षे ते मोटारींच्या कारखान्यासाठीही ओळखले जाते. गावाच्या शिवेवर मोटारी जुळत असताना गावातल्या मास्तराने डोळे मिटून गाडी घेणे बरे दिसत नाही.

आम्ही पाहत आहोत ती मध्यम आकाराची सेदान, म्हणजे तीन खणांची गाडी. पुढच्या खणात इंजिन, मधल्यात माणसे, आणि मागच्यात, म्हणजे डिकीत, सामान. आपल्याकडे कित्येक वर्षे मोटार म्हटले की हेच चित्र डोळ्यांपुढे येई. मुलाला मोटार काढावयास सांगितली तर तो तीन पायऱ्यांची रेघ ओढी.

स्वातंत्र्याच्या आधी मुंबईत परदेशी कंपन्या सुटे भाग आणून गाड्या जुळवीत. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ चा. १९५३ मध्ये सरकारने धोरण ठरविले की ज्यांना गाडीचे भाग याच देशात बनवावयाचे नाहीत त्यांनी येथून जावे. जनरल मोटर्स गेली, फोर्डही गेली. उरल्या मुख्यतः तीन कंपन्या. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला हिंदुस्थान मोटर्स. तिने मॉरिस ऑक्सफर्डचा साचा घेऊन १९५७-५८ च्या सुमारास अँबॅसडर काढली. मुंबईत कुर्ल्याला सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर, तिची फियाट. आणि मद्रासला स्टँडर्ड. १९६१ पासूनची तिची हेराल्ड आरंभी दोनच दारांची होती. तेव्हा तुलना करावयाची ती एवढ्यातच. कुटुंब मोठे, रस्ता कच्चा, तर अँबॅसडर. शहरात राहणे, पेट्रोलची चिंता, तर फियाट. फियाटचे इंजिन १०८९ सी.सी.चे, अँबॅसडरचे पुढे १४८९ सी.सी.चे.

पण ही तुलनासुद्धा मनातल्या मनात करावयाची होती. १९५९ मध्ये मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम आला. नाव नोंदवायचे, पैसे भरायचे, आणि वर्षानुवर्षे वाट पाहायची. कोणा नातेवाइकाने परदेशातून परकीय चलनात रक्कम भरली तर नंबर लवकर लागे. १९६९ मध्ये किंमतीही कायद्याने बांधल्या गेल्या. त्याचा परिणाम अर्थशास्त्राच्या पुस्तकात शोभेल असा झाला: नव्या फियाटची सरकारी किंमत ठरलेली, पण ती मिळणार केव्हा हे कोणी सांगू शकत नसे; म्हणून वापरलेली फियाट नव्या फियाटच्या किंमतीपेक्षा जास्त भावाने विकली जाई. नंबर लागल्याच्या पत्रालाही ‘ऑन’ मिळे. ज्या वस्तूची किंमत वापरल्यावर वाढते, ती आपल्या घरांत सोन्याच्या पंक्तीला जाऊन बसते. ‘विकायला काय येईल’ हा प्रश्न तेव्हा जन्मला. तो मूर्खपणाचा प्रश्न नव्हता. त्या काळी तोच सर्वांत शहाणपणाचा होता. काळ गेला आणि प्रश्न राहिला, इतकेच.

तीच फियाट १९७४ पासून ‘पद्मिनी’ झाली. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती इतकी जगली की तिची शेवटची नोंदलेली टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

त्यानंतरची वीस वर्षे भराभर सांगता येतात. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मागचा खण नसलेली गाडीही कुटुंबाची गाडी असू शकते हे लोकांना पटले. १९९० ला मारुती १००० आली, १९९३ मध्ये मोटार बनविण्याचा परवाना रद्द झाला, आणि मग पूर आला. सिएलो, ॲस्ट्रा, एस्कॉर्ट, १९९८ मध्ये होंडाची सिटी. यांपैकी एस्कॉर्ट नाशिकला जुळत होती आणि प्यूजो ३०९ कल्याणला, ही गोष्ट आता त्या शहरांतल्या लोकांनाही आठवत नाही. ज्यांनी आयुष्यभर एका रांगेत उभे राहण्याचे शिक्षण घेतले होते, त्यांच्यापुढे एकदम दहा गाड्या आल्या. निवड करण्याची सवय नसलेला माणूस निवड करू लागला की जुन्याच मापाने मोजतो. त्याने ॲव्हरेज विचारले, पुनर्विक्री विचारली, आणि ज्या कंपन्यांना या दोन्हींची उत्तरे देता आली नाहीत त्या आवरून गेल्या.

याच सुमारास शेंद्र्याचे नाव मोटारींच्या इतिहासात आले. चेक देशातल्या म्लादा बोलेस्लाव्ह या गावी १८९५ मध्ये दोघा भागीदारांनी सायकलींचा धंदा सुरू केला होता. १९२५ मध्ये तो स्कोडा या कारखानदारीत मिळाला, महायुद्धानंतर सरकारजमा झाला, आणि १९९१ पासून जर्मन फोक्सवॅगनकडे जाऊ लागला. या कंपनीने शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत २००१ पासून ऑक्टेव्हिया जुळविण्यास आरंभ केला. ऑक्टेव्हिया या नावात ‘आठवी’ असा अर्थ आहे. ते नाव त्या कंपनीने प्रथम वापरले १९५९ साली. ज्या वर्षी आपल्याकडे वाटपाचा हुकूम निघाला तेच हे वर्ष. योगायोगच, पण मला तो गमतीचा वाटतो.

ऑक्टेव्हिया काटेकोरपणे पाहता सेदान नव्हती. तिचे मागचे दार काचेसकट वर उचले. पण आत ५२८ लिटर सामान मावे, दार लावले की तिजोरी लावल्यासारखा आवाज येई, आणि १९०० सी.सी.चे डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने थोड्या खर्चात नागपूरपर्यंत नेई. डिझेल तेव्हा सरकारी दराने पुष्कळ स्वस्त मिळे. आपल्या लोकांनी या गाडीच्या निमित्ताने प्रथमच ॲव्हरेजखेरीज दुसरे काही तरी मोजले: वजन, वेगात न हलणारे चाक, दाराची जाडी. पुढच्या पिढीची ऑक्टेव्हिया आली तेव्हा जुनी इतकी खपत होती की नवीला येथे ‘लॉरा’ हे वेगळे नाव द्यावे लागले.

मग फोक्सवॅगनच्या पसाट व जेट्टा आणि आउडीच्या गाड्याही येथेच जुळू लागल्या. माझा एक जुना विद्यार्थी काही वर्षे तेथे जुळणीला होता. तो सांगे, “सर, लोक शहरात महिना महिना लॉरा घ्यावी की जेट्टा म्हणून डोके खाजवतात. दोघींचा सांगाडा एकच. आम्ही इकडून ही ढकलतो, तिकडून ती.” हे ऐकल्यापासून शोरूममधल्या विक्रेत्याच्या वक्तृत्वावरचा माझा विश्वास जरा कमी झाला. आजही तेच आहे: स्लाव्हिया आणि व्हर्टस या दोन गाड्या २०२२ मध्ये आल्या, दोन्ही चाकणला बनतात, सांगाडा एक, इंजिने एक. त्यांची तुलना म्हणजे जुळ्या बहिणींच्या नाकांची तुलना.

ऑक्टोबर २०१० मध्ये आमच्या शहराने एका दिवशी १५० मर्सिडीज घेतल्या, सुमारे ६५ कोटींच्या. देशभर बातमी झाली. त्या चाकणच्या कंपनीच्या. शेंद्र्याचा त्यांच्याशी संबंध नव्हता. तेव्हा गावातले लोक करमाडच्या बाजाराला काळीपिवळीतून दाटीवाटीने जात होते. कारखान्यांसाठी ज्यांची जमीन गेली त्यांच्यातल्या काहींच्या दारी पुढे गाड्या आल्या, पण त्या बहुधा उंच, सात माणसे बसणाऱ्या. शेतावरच्या वाटेला तीन खणांची गाडी चालत नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे.

सेदानच्या पीछेहाटीत करांचाही हात आहे. २००६ च्या अंदाजपत्रकाने ४००० मिलिमीटरांच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवरचा कर उतरविला. लगेच कंपन्यांनी सेदानच्या शेपटावर करवत चालविली. इंडिगो आणि डिझायर यांची डिकी लोकांच्या गरजेने नव्हे, करखात्याच्या पट्टीने आखूड झाली. सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवर १८ टक्के आणि मोठीवर ४० टक्के जी.एस.टी. आहे. म्हणजे साडेचार मीटरांची सेदान घेणाऱ्याने डिकीच्या अर्ध्या मीटरासाठी बावीस टक्के अधिक मोजायचे. एप्रिल २०२३ मध्ये धुराचे नवे नियम आले आणि शेंद्र्यातली ऑक्टेव्हियाची जुळणी थांबली. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर त्या नावाच्या मोजक्या गाड्या पुन्हा विक्रीला आल्या, त्या परदेशातच पूर्ण बांधून.

इतके सगळे असून आम्ही सेदानच का घेतो, असे शेजारी विचारतात. कारण समृद्धी महामार्ग. माझी बहीण नागपूरला असते. १२० च्या वेगाची मुभा असलेल्या त्या रस्त्यावर उंच गाडीपेक्षा जमिनीला धरून चालणारी गाडी मला बरी वाटते. आणि त्या रस्त्यावर जे अपघात झाले आहेत ते वाचल्यानंतर मी वहीतला पहिला रकाना ॲव्हरेजचा न ठेवता टक्कर-चाचणीचा ठेवला. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन-कॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच खपाच्या गाड्या आदळून पाहिल्या आणि पाचांनाही शून्य तारे मिळाले. तोवर हा रकाना कोणाच्या वहीत नव्हताच. २०२३ मध्ये स्लाव्हिया, व्हर्टस आणि व्हेर्ना या तिघींना पाच तारे मिळाले.

डिकीचे आकडे असे: व्हेर्ना ५२८ लिटर, म्हणजे जुन्या ऑक्टेव्हियाइतकीच, स्लाव्हिया ५२१, सिटी ५०६. सिटीचा विजेच्या जोडीचा प्रकार ॲव्हरेजला सर्वांना मागे टाकतो, पण बॅटरी डिकीतली जागा खाते. स्लाव्हियाचे पोट जमिनीपासून १७९ मिलिमीटर वर आहे, आणि आमच्या गावातले गतिरोधक ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या आकड्याचे मोल सांगावयास नको.

राहता राहिली आई. तिचे गुडघे दुखतात. उंच गाडीत तिला चढता येत नाही. सेदानमध्ये बसणे म्हणजे पाटावर बसण्यासारखे, बसता येते पण उठताना कोणाचा तरी हात लागतो. दोन शोरूममध्ये तिला बसवून पाहिले. पहिलीत ती म्हणाली, “छत डोक्याला लागतं.” दुसरीत काही बोलली नाही, पाय लांब करून पाहिले आणि बराच वेळ उतरली नाही. ती दुसरी स्लाव्हिया होती.

तरी पावती अजून फाडलेली नाही. सुटे भाग महाग, ही या घराण्याच्या गाड्यांबद्दलची जुनी ओरड आमच्या भागात घरोघरी ऐकू येते. म्हणून चिकलठाण्याच्या एका फिटरकडे व्हेर्ना आणि स्लाव्हिया या दोघींच्या क्लचप्लेटचा, पुढच्या दिव्याचा आणि पुढच्या बंपरचा भाव काढावयास टाकला आहे. तो भाऊबिजेपर्यंत देतो म्हणाला आहे.